जाणीव कोठे वसते?

॥ श्री ॥



संस्थानच्या कार्यालयात येणाऱ्या यात्रेकरूंची विचारणा बहुधा ठरावीक असते. अभिषेकाची वेळ कोणती, भक्तनिवासात खोली मिळेल काय, महाप्रसादाची पंगत केव्हा बसते, देणगीची पावती कोणाच्या नावे करावी, एवढ्यातच दिवस मावळतो. तथापि वर्षातून कित्येकदा अशीही माणसे खिडकीशी येतात, की ज्यांचा प्रश्न पावतीपुस्तकात मावत नाही. जालना अथवा छत्रपती संभाजीनगर येथील एखाद्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात वडिलांना ठेवलेले असते, आठ-आठ दिवस शुद्ध नसते, आणि रात्रभर जागलेला मुलगा सकाळच्या पहिल्या गाडीने दर्शनाला येतो. अभिषेक वडिलांच्या नावे करावयाचा असतो. नाव-गोत्र सांगून झाल्यावर तो आवाज खाली करून विचारतो, ‘‘काका, डॉक्टर म्हणतात मेंदूच काम करीत नाही. मग हे त्यांना पोहोचते का? ते आता आहेत तरी कोठे?’’

या प्रश्नाला मंदिरात एक उत्तर मिळावे, दवाखान्यात दुसरे मिळावे, आणि विचारणारा दोहोंच्या मध्ये उभाच राहावा, हे बरे नव्हे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राचा अधिकार त्याला नाही आणि साक्षात्काराचा तर मुळीच नाही. परंतु ग्रंथांत काय सांगितले आहे व विज्ञानाने काय पाहिले आहे, हे सरळपणे मांडून ठेवणे शक्य आहे. मनुष्याची जाणीव मेंदूत उपजते व मेंदूबरोबरच संपते, की मेंदूपलीकडेही तिला अस्तित्व आहे, हा तो विषय होय.

हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मास आला. त्याच नारायणाने पुढे समर्थ रामदास या नावाने दासबोध सांगितला. वीस दशक व दोनशे समासांच्या या ग्रंथातील दहाव्या दशकाचा पहिला समास भाविकांनी अवश्य उघडून पाहावा. तेथे श्रोता विचारतो, की सर्वांचे अंतःकरण एकच आहे की प्रत्येकाचे निराळे? समर्थ उत्तर देतात, एकच. श्रोता मात्र मान डोलावून गप्प बसणारा नाही. एकच असेल तर एक जेवला म्हणजे सगळ्यांची भूक भागली पाहिजे, आणि एकाला मरण आले की सगळ्यांनी मरावयास हवे, असा रोखठोक आक्षेप तो घेतो. एकाच्या मनातले दुसऱ्यास कळत नाही, मग अंतःकरण एक कसे?

आजच्या एखाद्या शास्त्रज्ञाने घ्यावा असाच हा आक्षेप आहे, आणि समर्थांनी तो टाळलेला नाही. ते सापाचा दृष्टांत देतात. साप डसावयास येतो तो जाणून येतो. माणूस पळ काढतो तोही जाणूनच काढतो. दोघांचे देह भिन्न, हेतू तर एकमेकांच्या विरुद्ध; परंतु ‘जाणणे’ म्हणून जे काही आहे ते दोहींकडे सारखेच. समर्थांच्या लेखी अंतःकरण ते हेच जाणणे. साप कसा जाणतो आणि माणूस कसा जाणतो, यातील अंतर त्यांच्या देहांचे आहे.

आपल्या जिल्ह्यातील भाविकांसाठी याचा उलगडा मोसंबीच्या बागेत जाऊन करता येईल. एकाच विहिरीचे पाणी मोसंबीला दिले, लिंबाला दिले आणि बांधावरच्या मिरचीलाही दिले. फळे तीन चवींची आली. चव पाण्याची नव्हे, झाडाची. दुष्काळात झाड वाळले म्हणून पाणी या वस्तूचाच नाश झाला असे कोणी म्हणणार नाही. पण झाड वाळल्यावर त्याला मोसंबीही लागत नाही, हे तितकेच खरे. या दृष्टांताची पहिली बाजू आपण कीर्तन-प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही, आणि सारा घोटाळा तेथेच होतो.

म्हणून दुसऱ्या बाजूविषयी थोडे सविस्तर लिहितो. मनुष्याच्या मेंदूचे वजन दीड किलोच्या आतच असते, परंतु शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटा मेंदू घेतो. त्याचा रक्तपुरवठा पूर्णपणे तुटला तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. भूल देण्याचे औषध रक्तात मिसळताच मोठमोठ्या पंडिताचे पांडित्य नाहीसे होते व औषध उतरले की परत येते. पक्षाघाताने डाव्या बाजूच्या विशिष्ट भागाला इजा झाली तर वाचा जाते. आयुष्यभर कीर्तन केलेल्या बुवांना ‘पाणी’ हा शब्द आठवत नाही. स्मृतिभ्रंशाच्या आजारात आईला पोटचा मुलगा ओळखू येत नाही. हे सर्व डोळ्यांदेखत घडणारे आहे. आत्मा अमर आहे असे म्हणून याकडे पाठ फिरवणे ही श्रद्धा नव्हे. मेंदू बिघडला म्हणजे स्मरण, भाषा, स्वभाव, ओळख ही सर्व बिघडतात, हे धार्मिक माणसाने मोकळेपणाने मान्य करावे. त्यात धर्माची काही हानी नाही.

पूर्वाचार्यांनाही हे माहीत होते. गूळ, धान्य इत्यादी पदार्थ एकत्र आंबवले असता त्यांत जशी मादकता उत्पन्न होते, तसेच पंचमहाभूतांच्या विशिष्ट मिश्रणातून चैतन्य उत्पन्न होते व देहाबरोबर नष्ट होते, असे चार्वाकांचे म्हणणे. त्यांना शिव्या देऊन आपल्या आचार्यांनी विषय संपवला नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादावर भाष्य करताना श्रीमत् शंकराचार्यांनी चार्वाकांचा युक्तिवाद आधी नीट मांडला आहे. देह असतो तोवर चैतन्य दिसते, देह नसला की दिसत नाही, म्हणून ते देहाचाच धर्म होय, असा तो युक्तिवाद. आचार्यांचे उत्तर असे, की अंधाऱ्या खोलीत दिवा असेल तर दिसते, दिवा नसेल तर दिसत नाही; एवढ्यावरून ‘पाहणे’ हा दिव्याचा धर्म ठरत नाही. दिवा हे पाहण्याचे साधन आहे, पाहणारा निराळा. शिवाय देहाचा रंग-आकार प्रेतातही काही काळ राहतो, पण जाणीव राहत नाही. ती देहाचा गुण असती तर रंगाप्रमाणे तीही राहिली असती.

आज ‘देह’ या शब्दाच्या जागी ‘मेंदू’ हा शब्द ठेवला की तोच वाद जसाच्या तसा उभा राहतो. मेंदू हा दिवा की मेंदू हाच पाहणारा? दिव्याच्या दृष्टांताने प्रश्न कायमचा सुटला असे कोणी म्हणू नये. चार्वाक म्हणेल, तुमचा तो पाहणारा दिव्यावाचून कधी दाखवा तरी. आपल्या सर्व दर्शनांचे यावर एकमत आहे असेही नाही. न्याय-वैशेषिक मताने ज्ञान हा आत्म्याचा गुण खरा, परंतु मनाशी संयोग झाल्यावर उत्पन्न होणारा. मोक्षात तो राहत नाही. आत्मा आहे पण जाणीव नाही, अशी अवस्था ज्यांनी मानली ते आस्तिकच होते. हिंदू धर्माचे याविषयी एकच एक मत आहे असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद तर या बाबतीत चकित करणारा आहे. संपत्तीची वाटणी नको, अमरत्वाचे ज्ञान हवे, असे म्हणणाऱ्या पत्नीला याज्ञवल्क्य मिठाच्या खड्याचा दृष्टांत देतात. खडा पाण्यात विरघळला की निराळा काढता येत नाही, पण पाणी कोठूनही चाखावे, खारटच. आणि मग ते सांगतात, की या देहातून गेल्यावर संज्ञा उरत नाही. मैत्रेयी गोंधळते आणि तसे स्पष्ट बोलून दाखवते. अमरत्व मागायला आलेल्या बाईला ‘मेल्यावर भान नाही’ असे ऐकावे लागले, तर दुसरे काय होणार? याज्ञवल्क्यांचा खुलासा असा, की जेथे दोन आहेत तेथे एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, ओळखतो. जेथे सर्व एकच झाले तेथे कोणी कोणाला ओळखावे? हा अमुक, ही माझी पत्नी, हे माझे घर, हे भान देहाच्या उपाधीवर उभे आहे आणि उपाधीबरोबर जाते. ज्याच्यामुळे भान शक्य झाले ते मात्र जात नाही.

समर्थ याच्याही एक पाऊल पुढे गेले. जाणीव सुद्धा अखेरची वस्तू नव्हे. ती मूळमायेच्या प्रांतातली, आणि निर्गुण परब्रह्म जाणीव-नेणीव या दोहोंपलीकडचे, असे दासबोधात ते पुनःपुन्हा बजावतात. ज्या इंचगिरी संप्रदायात दासबोधाचे वाचन नेमाने होते, त्याच संप्रदायातील श्री निसर्गदत्त महाराज मुंबईच्या खेतवाडीत राहत, विड्यांचे दुकान चालवीत आणि घरच्या माळ्यावर मराठीतून निरूपण करीत. १९७३ साली त्यांच्या संवादांचे इंग्रजी पुस्तक निघाल्यावर परदेशांतून माणसे त्या माळ्याचा जिना चढू लागली. गळ्याचा कर्करोग झाला असताना, ८ सप्टेंबर १९८१ रोजी देह ठेवीपर्यंत ते बोलत राहिले. त्या अखेरच्या काळात त्यांनी जे सांगितले ते कित्येक साधकांना पचणे कठीण गेले. ‘मी आहे’ हे भान अन्नरसाचे आहे, अन्नमय देह आहे तोवर ते आहे, देह संपला की तेही निमाले. मी त्याच्या आधीचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणजे शास्त्रज्ञ जे म्हणतो त्याचा पूर्वार्ध महाराजांनी कोणत्याही प्रयोगशाळेच्या मदतीवाचून मान्य केला होता. मतभेद फक्त उत्तरार्धात.

आता कोणी म्हणेल, एवढी तत्त्वचर्चा कशाला. मेंदू बंद पडल्यावरही जाणीव राहिल्याची उदाहरणे आहेत की. आहेत, आणि त्यांतील एक आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १९७४ साली नागपूर येथील एका सुशिक्षित मराठी स्त्रीच्या ठिकाणी ‘शारदा’ नावाचे व्यक्तिमत्त्व प्रकट होऊ लागले. ती बंगालीत बोले, त्या वेळी तिला मराठी कळत नसे, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधील आपल्या घराण्याची नावे ती सांगे. सर्पदंशापर्यंतचेच तिला आठवे. त्यांतील काही नावे बंगालमधील एका घराण्याच्या वंशावळीशी जुळली. अमेरिकेतील इयान स्टीव्हन्सन, बंगळूरच्या सतवंत पसरिचा व पुण्याचे वि. वि. अकोलकर या संशोधकांनी या घटनेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. दुसऱ्या बाजूने, त्या स्त्रीला पूर्वीपासून बंगालविषयी ओढ होती व काही बंगालीचे शिक्षणही तिने घेतले होते, हेही नोंदलेले आहे. त्यामुळे अभ्यासकांत एकमत झाले नाही.

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांचीही पाहणी झाली आहे. नेदरलँड्समध्ये अशा ३४४ रुग्णांना विचारले असता ६२ जणांनी त्या काळातील काही अनुभव सांगितले. २००१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. प्रकाश दिसला, दिवंगत आप्त भेटले, आपलेच शरीर वरून पाहिले, असे ते अनुभव. मग डॉ. सॅम पार्निया यांनी याची परीक्षा योजली. रुग्णालयांतील खोल्यांत उंचावर फळ्या बसवून, केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे त्यांवर ठेवली. २०१४ साली निष्कर्ष आले. दोन हजारांवर हृदयबंदाच्या घटना नोंदल्या गेल्या, पण ज्या दोघांना वरून पाहिल्याचे व ऐकल्याचे स्मरत होते, त्यांचे हृदय बंद पडले त्या खोल्यांत फळीच नव्हती! पुढे २०२३ साली अमेरिकेत मरणासन्न चार रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी तपासल्या असता, कृत्रिम श्वास काढल्यानंतर दोघांच्या मेंदूत त्या लहरींची मोठी उसळी दिसली. म्हणजे मेंदू बंद पडला असे आपण समजतो तेव्हा तो खरोखर बंद असतोच असे नाही.

प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे, की अशा कथांवर श्रद्धेचा डोलारा उभारू नये. शारदेची कथा उद्या खोटी ठरली म्हणून दासबोध खोटा पडत नाही, आणि ती खरी ठरली तरी त्यातून एका स्मृतीचा प्रवास सिद्ध होईल, परब्रह्म नव्हे. आणि एक व्यावहारिक इशारा. गेलेल्या माणसाशी बोलणे करून देतो, बेशुद्ध रुग्णाचा आत्मा बोलावून आणतो, असे सांगून पैसे उकळणारे लोक यात्रेच्या गर्दीत फिरतात. शोकाकुल कुटुंब हे त्यांचे हुकमी गिऱ्हाईक. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अशी व्यक्ती भेटल्यास संस्थानच्या कार्यालयास किंवा पोलिसांस कळवावे, दक्षिणा देऊ नये.

विज्ञानाची बाजू तरी पूर्ण आहे काय? तीही नाही. मेंदूचा कोणता भाग कोणत्या कामात हलतो हे आता यंत्रावर दिसते. परंतु त्या हालचालीतून ‘मला गोड लागले’ हे भान का उमटावे, याचा खुलासा कोणाजवळ नाही. १९९८ साली ख्रिस्तोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती, की जाणीव मेंदूत नेमकी कशी उपजते ते पंचवीस वर्षांत उघड होईल. २०२३ साली न्यूयॉर्क येथील विद्वत्सभेत कॉख यांनी हार मान्य करून पैजेचा माल पोहोचता केला. (तो माल काय होता हे या पुस्तिकेत छापणे प्रशस्त नव्हे.) पैज हरली म्हणून आत्मा सिद्ध झाला, अशी टाळी कोणी वाजवू नये, न कळणे हे कोणाच्याच पक्षाचे प्रमाण नसते.

एवढे झाल्यावर खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलाकडे वळले पाहिजे. त्याच्या प्रश्नाला जी काही उपयुक्त उत्तरे अलीकडे मिळाली, ती रुग्णालयांतूनच मिळाली आहेत.

२००६ साली इंग्लंडमधील डॉ. एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने निश्चेष्ट पडलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणीची तपासणी केली. डोळे उघडे, पण हाकेला प्रतिसाद शून्य. तिला यंत्रात ठेवून, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर, असे सांगितले. मग, आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरत आहोत अशी कल्पना कर, असे सांगितले. निरोगी माणसाच्या मेंदूत या दोन कल्पनांनी जे निरनिराळे भाग जागे होतात, तेच तिच्याही मेंदूत जागे झाले. बाहेरून दगडासारखी दिसणारी ती मुलगी ऐकत होती. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत, सूचनांना कोणताही दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा मेंदू सूचना पाळत असल्याचे आढळले. चौघांत एक. येथे मेंदू आहे आणि जाणीवही आहे. तुटला आहे तो केवळ बाहेर येण्याचा रस्ता. ‘काही समजत नाही’ असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो, त्याच्याविषयी आपल्याला समजत नसते, असा याचा अर्थ निघतो.

मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांना हे यंत्र ठाऊक होण्यापूर्वीच कळले होते. त्यांची सहकारी अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि पंचविशीतील ती परिचारिका कायमची अंथरुणास खिळली. पुढील एकेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी प्राणज्योत मालवेपर्यंत, रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यांमागून पिढ्या तिला आपल्या हातांनी भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. ज्या मुली तिच्या अपघातानंतर जन्मल्या, त्यांनीही तिची सेवा केली. तिला मृत्यू देण्यात यावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा रुग्णालयाने सांगितले, की ती अन्न घेते, चेहऱ्यावर भाव उमटतात, आवाज करून प्रतिसाद देते. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झालेला नव्हता. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि तिचे खरे आप्त म्हणजे तिची सेवा करणारे हे कर्मचारीच, असे मानले. तिला किती कळत होते, याचे माप त्या परिचारिकांनी कधी मागितले नाही. दासबोधातील तो समास त्यांच्यापैकी कोणी वाचला असेल-नसेल. समोरच्या देहात आपल्यातलेच जाणणे आहे, असे धरून त्या वागल्या.

याच्या उलट टोकाचा प्रसंगही कुटुंबांवर येतो आणि तेथे धर्माच्या नावाने चुकीची भीती घातली जाते. बेशुद्धी वेगळी आणि मेंदूमृत्यू वेगळा, हे प्रत्येक घराने समजून घ्यावे. अरुणा शानबाग स्वतः श्वास घेत होती. ती मेंदूमृत नव्हती. मेंदूमृत्यूत मेंदूचा देठ, म्हणजे श्वासाला चालना देणारा भागच कायमचा मृत होतो. छाती हलते ती केवळ यंत्रामुळे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासणी करून तसे प्रमाणित करावे लागते. त्यानंतर नातेवाईकांना अवयवदानाविषयी विचारले जाते. ‘आत्मा अजून घुटमळत असेल’, ‘डोळे दिले तर पुढील जन्मी आंधळा जन्मेल’ अशी वाक्ये नेमकी त्या वेळी कोणीतरी वडीलधारा उच्चारतो आणि होकाराचा नकार होतो. या समजुतीला समर्थांच्या विचारात आधार सापडत नाही. जी जाणीव एका देहाच्या मालकीची नाही, ती बुबुळाबरोबर कापली कशी जाईल? वृत्रासुराच्या वधासाठी दधीची ऋषींनी अस्थी दिल्या, त्यांना पुढील जन्म बिनहाडांचा मिळाल्याचे कोणत्याही पुराणात नाही. नेत्रदान तर घरी मृत्यू आला तरी होऊ शकते. मात्र ते सहा तासांच्या आत व्हावे लागते, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे.

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात जांब येथील राममंदिरातील प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या व पुढे त्या पोलिसांच्या हाती लागल्या, हे बहुतेक भाविकांस ठाऊक आहे. मूर्ती गेल्याचे दुःख खोटे नव्हते. ज्या रूपाला पिढ्यान्‌पिढ्या डोळे भरून पाहिले ते रूप गेले होते. तरीही त्या दिवसांत राम नाहीसा झाला असे कोणी मानले नाही. आई ओळख देईनाशी होते तेव्हाचे दुःख या जातीचे असते. तिचे रूप हरवले आहे आणि ते दुःख वेदान्त सांगून पुसू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दर्शनाला आणताना कित्येक घरांना संकोच वाटतो. मोठ्याने बोलतील, रांगेत थांबणार नाहीत, देवापुढे काहीतरी भलतेच म्हणतील. संकोचाचे कारण नाही. अशा वृद्धांसाठी बाजूच्या दरवाजाने सोडण्याची सोय आहे. सेवेकऱ्यांना सांगितले की पुरे.

शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या नावे अभिषेक करावयाचा असल्यास संकल्पात तिचे पूर्ण नाव सांगावे, ‘आमचा रुग्ण’ असे म्हणू नये. तीर्थ रुग्णालयात नेल्यास बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात कदापि घालू नये. ते श्वासनलिकेत उतरून जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या परवानगीने कपाळास बोट लावावे, एवढे पुरते. अंगारा लावताना त्यांना नावाने किंवा नात्याने हाक मारावी, कोण आले आहे ते सांगावे, मंदिरात जाऊन आलो हे सांगावे, आणि मग गावाकडे पाऊस किती झाला, कापूस वेचून झाला की नाही, तेही सांगावे.